ऑइल कॅपखालची साय: पीसीव्ही सुटला, थर्मोस्टॅट सापडला

थंडी वाढली आणि साय, म्हणजे ऑइल आणि पाणी घुसळून होणारा लगदा, परत आली. आधी ज्याच्यावर संशय होता तो पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटातली वाफ इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेत, ओढणारी झडप) नवा, होज आतून धुऊन वाळवलेला, तरी कॅप उघडली की तोच पिवळट लगदा. आता 'हेड गॅस्केट बघ' (ब्लॉक आणि हेडमधलं सील, ते गेलं की कूलंट ऑइलात शिरू शकतो) असा सल्ला येणार, म्हणून ते आधीच निकालात काढतो. कूलंटची पातळी रेषेवरून हललेली नाही, एक्झॉस्टला गोडसर वास नाही, आणि ब्लॉक टेस्टचं निळं द्रावण (कूलंटमध्ये जळणातला वायू असेल तर त्याचा रंग बदलतो) शेवटपर्यंत निळंच राहिलं. गॅस्केट विसरा.

कॅपखालची ओल मी चालवून घेत होतो. पण या वेळी डिपस्टिकवरचा थेंब तापलेल्या पत्र्यावर टाकला आणि तो तडतडला, म्हणजे त्यात पाणी. आधी हा थेंब नेहमी गुपचूप पसरायचा. ओल संपमधल्या (इंजिनाच्या तळाच्या टाकीतल्या) ऑइलात उतरली म्हटल्यावर स्वस्थ बसवेना.

पाणी येतं कुठून, हे इथे कुणाला सांगायला नको. १ लिटर पेट्रोल जळताना जवळपास १ लिटर पाणी तयार होतं आणि त्यातली थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांपाशी निसटून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात, उतरणारच. ऑइल नीट तापलं की ती परत उडते, पीसीव्ही तिला इनटेककडे ओढतो, विषय संपला. माझा पीसीव्ही ओढतोय. आयडलला त्याच्या तोंडावर बोट ठेवलं तर बोट चिकटतं. मग उरलं एकच: ऑइल तापतच नसणार.

डॅशबोर्डवरचा काटा मात्र मधोमध, ऐटीत. या काट्यांवर माझा जुना राग आहे. बऱ्याच गाड्यांत कूलंटचं तापमान चांगलं खालीवर झालं तरी काटा हलू नये अशीच सोय केलेली असते, चालवणारा उगीच घाबरू नये म्हणून. त्यामुळे स्कॅनर लावून लाइव्ह डेटा बघत निघालो. ट्रॅफिकमध्ये ८७ अंश. मोकळा रस्ता मिळाला, वेग घेतला, आणि आकडा उतरत उतरत ७२ वर. जितकी पळवावी तितकं इंजिन गार! थर्मोस्टॅट (कूलंट तापेपर्यंत त्याची रेडिएटरकडची वाट अडवणारा व्हॉल्व्ह) बंद होत नसल्याची याहून चांगली खूण मला माहीत नाही. चेक इंजिनचा दिवा ढिम्म.

परत आल्यावर संपचं तापमान घेतलं. इन्फ्रारेड थर्मामीटर उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर बिनदिक्कत कमी आकडा दाखवतो, तेव्हा काळी मॅट टेप चिकटवून तिच्यावरच नेम धरा. टेपवर ५८. इतकी लांब फेरी मारून ५८! एवढ्यात वाफ कसली उडणार?

थर्मोस्टॅट काढून उजेडासमोर धरला, तर व्हॉल्व्हच्या कडेने चंद्रकोरीएवढी फट. फटीत होता वाळलेल्या सिलिकॉन सीलंटचा तुकडा. हाउसिंगला रबरी ओ-रिंग असताना कुणीतरी वरून सीलंटही थापलं होतं. जादा सीलंट बाहेर दिसतं तेवढंच आतही दाबलं जातं आणि सुटून कूलंटबरोबर फिरतं. माझं चाललं तर ही ट्यूब कुलपात ठेवीन.

तुकडा काढून थर्मोस्टॅट पाण्यात टांगला. थर्मामीटर भांड्याच्या तळाला टेकू दिला नाही, नाहीतर आकडा फसवतो. शिक्क्यावर ८८ आहे, उघडलाही ८८ च्या आसपास, अगदी बघत राहावं असा. पण गार झाल्यावर पूर्ण मिटेना. बैठकीवर चरा पडलाय. नवा बसवला, जिगल पिन (अडकलेली हवा सोडणारी छोटी पिन) वरच्या बाजूला ठेवून. ती पिन नसलेले स्वस्त थर्मोस्टॅट माझ्या मते घेऊच नयेत, कूलंट भरताना हवा काढता काढता नाकी नऊ येतात.

आता मोकळ्या रस्त्यावर कूलंट ९० च्या आसपास टिकतो आणि टेपवर ८९ दिसले. गरम इंजिनवर ऑइल कॅप सैल केली तर भसकन वाफ आली. डिपस्टिकचा थेंब पुन्हा गप्प. कॅपवर पुसट थर अजून आहे, पण तो संपपासून सगळ्यात लांबचा आणि गार कोपरा, तेवढं चालायचंच.

इंजिन गरम राहावं म्हणून रेडिएटरसमोर पुठ्ठा लावायचा बेत होता, तो रद्द. ऑइल मात्र लगेच बदलणार होतो, कारण पाणी आणि जळणातली आम्लं मिळून त्यातली अ‍ॅडिटिव्हज खातात. पण हे लिहिता लिहिता डिपस्टिक पुन्हा हुंगली, तर पेट्रोलचा वास. साहजिक आहे, गार इंजिनाला ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) मिश्रण जाडच, म्हणजे पेट्रोल जास्त, देत बसला असणार. तेव्हा आधी जुन्या ऑइलचा नमुना बाटलीत काढून लॅबला पाठवतो. पेट्रोल किती मिसळलंय ते कळल्याशिवाय ऑइलचा पुढचा ग्रेड ठरवण्यात अर्थ नाही. आणि फिल्टर निघणारच आहे, तर त्याच्या आणि ब्लॉकच्या मध्ये सँडविच प्लेट घालून ऑइल टेम्परेचरचा खरा सेन्सर बसवता येईल. टेपवर नेम धरायला गाडीखाली लोळायचा कंटाळा आलाय. प्लेटचा थ्रेड कुणी मोजला असेल तर सांगा, ऑर्डर त्यासाठीच थांबवलीय.