लाल रेघ उठेपर्यंत
पेनिट्रंट टेस्टिंग, म्हणजे धातूच्या चिरांत रंग शिरवून त्या शोधायची तपासणी. तिचं लेव्हल टू सर्टिफिकेट मला दुसऱ्या प्रयत्नात मिळालं. पहिल्यांदा प्रॅक्टिकलमध्ये नापास झाले, आणि ज्या चुकीने झाले ती मी वर्षभर रोजच्या कामातही करत होते.

कुर्ल्याजवळच्या आमच्या वर्कशॉपमध्ये रेल्वेच्या एलएचबी प्रकारच्या प्रवासी डब्यांच्या ब्रेक डिस्क तपासणीला येतात. ६४० मिलिमीटर व्यासाची बिडाची जाड थाळी, एका ॲक्सलला दोन, डब्याला आठ. ५० टनांचा डबा ताशी ११० किलोमीटरवरून पूर्ण थांबवायचा आणि सगळा भार ब्रेकवरच आला, तर मिनिटाभरात प्रत्येक डिस्कमध्ये इतकी उष्णता शिरते की तेवढ्यात दहा लिटर गार पाणी उकळीला येईल. हा हिशेब मी स्वतः मांडला, तेव्हा कुठे त्या थाळीची कीव आली.

मला वाटायचं, तापल्यामुळे बीड तडकतं. क्लासच्या सरांनी फळ्यावर उलगडून दाखवलं. तापलेला वरचा थर फुगायला बघतो, आतलं थंड बीड त्याला फुगू देत नाही, म्हणून तो जागच्या जागी कायमचा चेपला जातो. डिस्क निवली की तोच थर आखडायला लागतो, पण आता आतला भाग त्याला आखडू देत नाही. ताण बसतो तो निवताना. बीड दाब सोसतं, ताण त्याला सोसवत नाही. असं हजारो वेळा झालं की आधी केसाएवढ्या चिरांचं जाळं पडतं, आणि त्यातली एखादी चाकाच्या आऱ्यासारखी मधून कडेकडे सरकू लागते. जाळ्याला घाबरायचं नाही, या एकटीवर नजर ठेवायची.

पहिल्या परीक्षेत मी लाल रंग लावला, दहा मिनिटं थांबले आणि वरचा जादा रंग काढायला क्लीनरचा स्प्रे थेट डिस्कवर मारला. चिरांतला रंगही धुऊन गेला. मग डेव्हलपर मारला, चिरांतला रंग वर ओढून घेणारा पांढरा थर, तर सगळं पांढरंशुभ्र. मी ‘दोष नाही’ लिहून दिलं. त्या डिस्कवर चार भेगा होत्या.

रात्री झोप लागली नाही. सकाळी फोरमन काकांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “बरं झालं बोललीस गं.” रॅकवरच्या नऊ डिस्क पुन्हा उतरवल्या, दोनांवर रेघा उठल्या. बाहेर गेलेल्यांची यादी काकांनी त्याच दिवशी कळवली.

सराव केला तो ऐन जुलैत. मुंबईच्या त्या दमट हवेत धुतलेली डिस्क वरून कोरडी दिसते, पण भेगेत पाणी अडकलेलं असलं तर रंगाला आत शिरायला जागाच राहत नाही. म्हणून आधी गरम हवेने वाळवायची, हाताला सोसेल इतकी निवू द्यायची, मगच रंग. नंतर कोरड्या फडक्याने पुसायचं, आणि शेवटी क्लीनरने जेमतेम ओलसर केलेल्या फडक्याने. क्लीनर फडक्यावर मारायचा, डिस्कवर कधीच नाही.

दुसऱ्या परीक्षेत डेव्हलपर इतका पातळ मारला की खालचं करडं बीड पुसट दिसत राहिलं. आधी मधल्या पट्ट्यावर फिकट लाल जाळं आलं. मग आतल्या कडेजवळ एक ठिपका, त्याच्या पुढे दुसरा, आणि बघता बघता दोन्ही जुळून रेघ झाली. रंग पसरायच्या आत मी पट्टी लावली: ३८ मिलिमीटर.