खिळे ठोकलेली बॅट आणि पर्समधली मिरची पूड

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चोरीची बातमी पडली की पहिल्या अर्ध्या तासात सीसीटीव्ही, वॉचमन, मेंटेनन्स हे सगळं बोलून होतं आणि मग आपापले उपाय सुरू होतात. कुणी म्हणतं बेडखाली रॉड ठेवा, कुणी यूट्यूबची लिंक टाकतं ज्यात एक पोरगा पीव्हीसी पाइपची गन बनवतोय, आणि एक काका हमखास बॅटला खिळे ठोकून तयार असल्याचा फोटो टाकतात, खाली पंधरा अंगठे. गंमत वाटते, पण माझा एक जुना मित्र पुण्यात शिवाजीनगर कोर्टात फौजदारी वकिली करतो, त्याला हा फोटो दाखवला तर तो हसला नाही, म्हणाला ह्यांना सांग फोटो डिलीट करा, नाहीतर उद्या काही झालं तर सरकारी वकिलाला वेगळा पुरावा शोधायलाच नको.

तेव्हापासून मी हा विषय जरा वाचत गेलो. मी वकील नाही, त्यामुळे हे सल्ला म्हणून घेऊ नका, पण जे कळलं ते आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नाही एवढं नक्की.

आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ चा. त्यात हत्याराची व्याख्या वाचली आणि मला पहिला धक्का तिथेच बसला. साधारण अर्थ असा की हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी हत्यार म्हणून बनवलेली, किंवा तशी बदलून घेतलेली कुठलीही वस्तू म्हणजे हत्यार. किंवा बचावासाठी! म्हणजे आपण सगळे जे वाक्य तोंडावर घेऊन फिरतो ना, अहो साहेब मी हे फक्त सेल्फ डिफेन्ससाठी बनवलंय, ते वाक्य म्हणजे सुटका नाहीच, उलट व्याख्येतला अर्धा भाग आपण स्वतःच्या तोंडाने कबूल करून देतो. आणि त्याच व्याख्येत पुढे म्हटलंय की निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी असलेल्या वस्तू यात नाहीत, उदाहरण दिलंय लाठीचं आणि साध्या चालायच्या काठीचं.

आता काठी सुटली, पण काठीत पातं लपवलं की ती झाली गुप्ती, आणि गुप्ती शस्त्र नियमांच्या यादीत तलवारीच्या शेजारी बसलेली आहे. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात हो, आजोबा दोन्ही घेऊन पर्वतीवर फिरायला जाऊ शकतात, पण एकीच्या बाबतीत पोलीस वाट सोडून देतील आणि दुसरीच्या बाबतीत पंचनामा. त्याच यादीत खंजीर, भाले, कुऱ्हाडी म्हणजे लढाईच्या, आणि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू आहेत, घरगुती, शेती, कारखाना यांच्या कामाचे सोडून. आणि स्टील बॅटन! हे मला खरंच माहीत नव्हतं. ऑनलाइन ते फोल्डिंग रॉड मिळतात बघा, झटका दिला की लांब होणारे, खाली लिहिलेलं असतं सेफ्टी फॉर वुमन अँड ड्रायव्हर्स, ते घेऊन लोक बिनधास्त गाडीच्या दारात ठेवतात. विकायला आहे म्हणजे बाळगायला चालतं हा आपला समज कुठून आलाय देव जाणे. २०१८ मध्ये औरंगाबादला (तेव्हा नाव तेच होतं) ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकू पोलिसांनी जप्त केले होते, पोरांनी रीतसर ऑर्डर देऊन घरपोच घेतलेले.

बरं, यात वकील लोकांसाठी फटी आहेत, नाही असं नाही. तलवार चाकूवाल्या यादीसाठी परवाना लागतो तो जिथे सरकारने तशी अधिसूचना काढली आहे तिथे, त्यामुळे अधिसूचना दाखवता आली नाही किंवा पात्याचं माप नीट घेतलं नाही म्हणून लोक सुटतातही. मित्र म्हणाला मी स्वतः अशी माणसं सोडवलीत. पण सुटण्याआधी काय काय होतं ते पण त्यानेच सांगितलं, अटक, जामीन, तारखा, आणि मधल्या काळात पासपोर्टचं व्हेरिफिकेशन आलं किंवा नव्या नोकरीत चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला की तिथे प्रलंबित गुन्हा लिहून येतो. तेवीस चोवीस वर्षांच्या पोराला निर्दोष सुटण्याचा कागद हातात येईपर्यंत ती नोकरी थांबत नाही.

आणि समजा शस्त्र कायद्यातून निसटलात, तरी आपल्या महाराष्ट्रात अजून एक भानगड आहे. पेपरात वाचलं असेल, तलवारीने केक कापला, रील टाकलं, गुन्हा दाखल, आणि कलमं ठरलेली, शस्त्र कायदा ४, २५ आणि महाराष्ट्र पोलीस कायदा ३७(१), १३५. ते ३७(१) म्हणजे मनाई आदेश. पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी तो काढतात, सण, निवडणूक, मोर्चे काहीतरी कारण असतंच, आणि मोठ्या शहरांत एक संपला की दुसरा निघतो असं चाललेलं असतं. त्या आदेशात फक्त तलवारी बंदुका नसतात. काठ्या, सोटे, चाकू आणि शारीरिक इजा करायला वापरता येईल अशी कुठलीही वस्तू, शिवाय दगड गोळा करून ठेवणं सुद्धा. म्हणजे शस्त्र कायद्याने जी लाठी सोडली ती इथे सापडू शकते. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, आणि कोर्टाने खास कारण लिहिलं नाही तर चार महिन्यांच्या खाली नाही. हा आदेश सामान्य माणसाने कधी वाचलेला असतो? मी तरी पोलीस स्टेशनच्या बोर्डावर चिकटवलेला लांबून बघितलाय फक्त.

व्यवहारात अर्थात गुडघेदुखीच्या आजोबांची काठी कुणी काढून घेत नाही. तिथे बघितलं जातं कोण, किती वाजता, कुठे, सोबत कोण. आणि इथे सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे मिरची पूड. मुलींनी पर्समध्ये मिरची पूड ठेवावी हा सल्ला आपण आईकडून, मावशीकडून, शाळेतल्या बाईंकडून ऐकलाय. आता गुन्हेवृत्ताचं पान उघडा, दरोड्याच्या तयारीत असलेली टोळी जेरबंद, खाली जप्त ऐवज, कोयता, दोरी, कटावणी, मिरची पूड. तीच पुडी. रात्री दोन वाजता पाच जण, झाडाआड, बिननंबरची गाडी, तर ती दरोड्याच्या तयारीचा पुरावा, ज्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि संध्याकाळी सातच्या पीएमटीत एकटीच्या पर्समध्ये ती फक्त मिरची पूड.

म्हणून मला आता बॅटवाल्या काकांची काळजी वाटते. साधी बॅट दाराआड असेल आणि चोर घरात शिरल्यावर तीच हाताला लागली, तर ती बॅटच आहे, पोराची आहे, रविवारी खेळतो. तिला खिळे ठोकले की ती खेळायच्या कामाची राहिलीच नाही, आता तुम्ही कोर्टात काय सांगणार ती कशासाठी होती? स्क्रू ड्रायव्हर घासून टोकदार केला, सायकलची चेन मूठ लावून तयार केली, की त्या वस्तूवरच लिहिलेलं असतं की मालकाने शांत डोक्याने, आधीपासून, माणसाला लागावं म्हणून हे केलंय. बचावाच्या बाजूला सगळ्यात मोठा आधार असतो तो अचानक सुचलेल्या, जे हाताला आलं ते उचललेल्या कृतीचा, आणि तो आधार आपण गॅरेजमध्ये बसून स्वतः कापून टाकतो.

पाइप गनचं तर विचारूच नका. बंदुकीची व्याख्या कायद्यात एवढी रुंद आहे की स्फोटकाच्या किंवा इतर कुठल्याही ऊर्जेच्या जोरावर काहीही फेकणारं हत्यार त्यात बसतं. यूट्यूबवाल्या पोराला वाटतं आपण सायन्स प्रोजेक्ट करतोय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बनवणं म्हणजे किमान सात वर्षं ते जन्मठेप, नुसती बाळगली तरी दोन ते पाच वर्षं. गावठी कट्टे बनवणाऱ्यांसाठी कडक केलेलं कलम आहे हे, पण कलमाला काय, ते गाव बघत नाही. आणि कायदा सोडा, २०२५ च्या दिवाळीत भोपाळमध्ये त्या कार्बाइड गननी, म्हणजे पाइपात कार्बाइडचा स्फोट करणाऱ्या बंदुकांनी, किती पोरांचे डोळे गेले ते आठवा, ती तर फटाका म्हणून विकली होती.

शेतात हेच जरा वेगळ्या रूपात चालतं. रानडुकरांसाठी कुंपणात थेट लाइनचा करंट सोडायचा, आकडा टाकून. माझ्या आजोळी हे सर्रास होतं, आणि दरवर्षी पेपरात येतं की डुकराऐवजी माणूस गेला, कधी शेजारचा, कधी घरचाच, आणि शेतकऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा. झटका मशीन वेगळं, ते क्षणभर हिसका देतं आणि सोडतं, थेट लाइन सोडत नाही. आपण नसताना आपल्या जागी मारणारी कुठलीही वस्तू समोर कोण आहे, चोर आहे का पाणी बघायला आलेलं पोर, हे बघत नाही, आणि बचावाचा हक्क तर समोर धोका दिसला यावरच उभा आहे.

तो हक्क आपल्याला भरपूर दिलेला आहे, हेही लोकांना माहीत नसतं. आधी आयपीसीत, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेत, कलम ९६ ते १०६ होतं, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४. स्वतःचा, दुसऱ्याचा, मालमत्तेचा सुद्धा बचाव करता येतो, जीव जाईल अशी रास्त भीती असेल, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला असेल तर हल्लेखोराचा जीव गेला तरी हक्क टिकतो. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब या २०१० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की जिवावर बेतलेल्या माणसाने काट्यावर तोलून मोजून वार करावा अशी अपेक्षा ठेवू नये. पण मर्यादा दोन ठळक आहेत, गरजेपेक्षा जास्त इजा नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ होता तर हक्क नाही. चोर पळाला, तुम्ही पार्किंगपर्यंत मागे गेलात आणि पाठीत रॉड घातला, तिथे तुमचा बचाव संपलेला असतो, आता तुम्ही आरोपी. आणि हा बचाव होता हे दाखवायची जबाबदारीही आरोपीवरच येते, त्यामुळे हातात काय होतं हा प्रश्न फिरून फिरून येतोच.

मग ठेवायचं काय? पेपर स्प्रेला परवाना लागत नाही, चांगल्या कंपनीचा, लेबल, एक्स्पायरी असलेला घ्यावा, विमानाच्या केबिन बॅगेत टाकू नये. पण तोही मोकाट नाही बरं. २०२४ मध्ये कर्नाटक हायकोर्टाने एका दुकानातल्या भांडणात स्प्रे मारल्याची केस रद्द करायला नकार दिला आणि स्प्रे प्रथमदर्शनी धोकादायक हत्यार ठरू शकतं असं म्हटलं. पार्किंगच्या वादात काढायची वस्तू नाही ती. आणि घरी बाटलीत काहीतरी मिसळून स्प्रे बनवायचे व्हिडिओ आहेत ते तर बिलकुल नको, त्यात झोंबणारं काही चुकलं आणि समोरच्याची दृष्टी गेली तर प्रकरण ॲसिडच्या कलमाकडे सरकायला वेळ लागणार नाही. बाकी मोठ्या आवाजाची शिट्टी, चांगला टॉर्च, छत्री, फोनमध्ये पोलिसांच्या मदतीचा ११२ नंबर. ह्यात हिरोगिरी शून्य, मान्य आहे. पण जून २०२३ मध्ये सदाशिव पेठेत कोयत्याच्या हल्ल्यातून त्या मुलीला ज्यांनी वाचवलं त्यांच्या हातात काहीच नव्हतं, एका पोराने मारणाऱ्याचा हात धरला आणि मग बाकीचे धावले.

शेवटचं एक, जे मित्राने दोनदा बजावून सांगितलं. खरंच झटापट झालीच तर लोक घाबरून वस्तू फेकून देतात, रक्त धुतात, व्हिडिओ डिलीट करतात. तसं केलं की पुरावा नष्ट केल्याचं वेगळं कलम लागतं, न्याय संहितेतलं २३८, आणि खरा बचाव असला तरी खोटा वाटायला लागतो. वस्तू आहे तिथे राहू द्या, ११२ ला आपणच आधी फोन करा, सरकारी दवाखान्यात जाऊन स्वतःच्या जखमा नोंदवून घ्या, अगदी ओरखडा असला तरी, आणि समोरच्याची तक्रार आधी गेली असेल तरी आपली द्याच, पोलीस नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, घेऊन परत पाठवायला लागले तर लेखी अर्ज द्या आणि त्याच्या कॉपीवर शिक्का घेतल्याशिवाय तिथून उठू नका.