स्वच्छ एक्सपी डिस्क: ‘एएसएमएस’चा अडथळा अखेर सुटला

जुन्या लॅपटॉपसाठी, उत्पादकाने भरलेल्या जादा गोष्टींशिवाय विंडोज एक्सपी बसवणारी स्वच्छ डिस्क तयार करण्याचा हा उद्योग आहे. मागील नोंदीत त्याच्या रिकव्हरी डिस्कमधील घोस्ट प्रतिमेतून (घोस्ट या प्रोग्रॅमने घेतलेल्या संपूर्ण ड्राइव्हच्या नकलेतून) आय३८६ हा विंडोजच्या सेटअप-फायलींचा फोल्डर बाहेर काढून, डिस्कच्या मुळाशी विन५१, विन५१आयसी आणि विन५१आयसी.एसपी२ या खूणफायली ठेवून सेटअपच्या पहिल्या, केवळ मजकुराच्या टप्प्याच्या उंबरठ्यापर्यंत मजल मारली होती. तेव्हा राहिलेला ‘सीडीबूट: कुडन्ट फाइंड एनटीएलडीआर’ हा संदेश आता गेला आहे. लिनक्सवर एमकेआयसोएफएस हा डिस्क-प्रतिमा बनवणारा आदेश वापरणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की बूट सेक्टर, म्हणजे डिस्कवरून यंत्र सुरू करणारा छोटा कोड, ‘सेटअपएलडीआर.बिन’ हे नाव मोठ्या (कॅपिटल) लिपीतच शोधतो आणि नावामागे चिकटणारा ‘;१’ हा आवृत्तिक्रमांक त्याला चालत नाही. सर्व नावे मोठ्या लिपीत आणून आणि ‘-एन’ हा पर्याय देऊन डिस्क तयार केली, तेव्हा ती निमूटपणे सुरू झाली. इमेजबर्न हा डिस्क लिहिणारा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांना हा त्रास सहसा होत नाही. इम्युलेशन ‘नन’, लोड सेगमेंट ०७सी० आणि सेक्टर ४ एवढे भरले की काम होते. तरीही मला आदेश-ओळच अधिक विश्वासाची वाटते, कारण काय केले ते एका ओळीत नोंदून ठेवता येते.

फायलींची नक्कल झाली, यंत्र पुन्हा सुरू झाले, एक्सपीचा परिचित निळसर पडदा आला, डाव्या बाजूस सुमारे ३९ मिनिटे उरल्याचे दिसू लागले, आणि तेथेच ‘एएसएमएस ही फाइल हवी आहे’ असे सांगणारी खिडकी उघडली. तिच्यातील मार्ग होता ‘ग्लोबलरूट\डिव्हाइस\सीडीरॉम०\आय३८६’. या संदेशाचे नेहमीचे निदान म्हणजे खराब सीडी किंवा चालक (ड्रायव्हर) न मिळाल्याने सेटअपला न दिसणारा ड्राइव्ह. म्हणून प्रथम तीच डिस्क-प्रतिमा व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे आभासी संगणकात, जोडून पाहिली. तेथे ना लेन्स, ना ओरखडे. तरीही तोच संदेश, त्याच जागी. याचा अर्थ दोष माध्यमात नसून आशयात होता.

या टप्प्यावर शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबले की आदेश-खिडकी उघडते, ही सोय फार थोड्यांना ठाऊक असते आणि तिच्याइतके उपयोगी साधन या संपूर्ण उद्योगात दुसरे नाही. ‘डीआयआर’ हा फायलींच्या यादीचा आदेश देऊन पाहिले, तर आय३८६च्या आत एएसएमएस नावाचा फोल्डरच नव्हता. काढताना काही गळले असावे असे वाटून घोस्ट एक्सप्लोररमध्ये मूळ प्रतिमा पुन्हा उघडली. उत्पादकाच्या प्रतिमेतही तो नव्हता. विचार केल्यावर यामागील तर्क उलगडतो. कारखान्यात विंडोज आधीच बसवलेली असते आणि सी ड्राइव्हवरील आय३८६ केवळ विंडोजने पुढे एखादी फाइल मागितली तर पुरवठ्यासाठी ठेवलेले असते. एएसएमएसमधील असेंब्ली, म्हणजे अनेक प्रोग्रॅमना सामायिक असलेल्या डीएलएल फायलींचे संच, मात्र प्रतिष्ठापनेच्या वेळी एकदाच विंडोजच्या ‘विनएसएक्सएस’ या फोल्डरात उतरतात आणि त्यानंतर मुळातील फोल्डर कोणी मागत नाही. जागा वाचवणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तो पहिला बळी ठरणे स्वाभाविक होते.

परंतु हाच तर्क उलटा फिरवता येतो. ज्या असेंब्ली एएसएमएसमधून विनएसएक्सएसमध्ये गेल्या, त्या त्याच प्रतिमेत अजून शाबूत असणार. म्हणजे त्या परत आणता येतील. कोठून तरी अनोळखी एएसएमएस उतरवून घेण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो, तो मला मुळीच मान्य नाही. ज्या डिस्कचा हेतूच स्वच्छता आहे, तिच्यात परक्या यंत्रावरील फायली का घालाव्यात?

विनएसएक्सएसमधील नावे लांबलचक असतात. उदाहरणार्थ, एसपी२मधील (सर्व्हिस पॅक २मधील) कॉमन कंट्रोल्स या बटणे-याद्या रेखाटणाऱ्या असेंब्लीच्या फोल्डराच्या नावात आधी असेंब्लीचे नाव, मग ‘६५९५बी६४१४४सीसीएफ१डीएफ’ ही सार्वजनिक किल्लीची खूण आणि त्यापुढे ६.०.२६००.२१८० ही आवृत्ती येते. डीएलएल या फोल्डरात, तर तिचे मॅनिफेस्ट (घटकांची यादी) आणि कॅटलॉग (त्या यादीची डिजिटल सही) ‘मॅनिफेस्ट्स’ या उपफोल्डरात असतात. एएसएमएसमध्ये मात्र ही तिन्ही एकत्र, आखूड नावांनी नांदतात: कंट्रोल्स.मॅन, कंट्रोल्स.कॅट आणि शेजारी कॉमसीटीएल३२.डीएलएल. तेव्हा प्रत्येक असेंब्लीचे त्रिकूट जुळवून, ‘.मॅनिफेस्ट’ हे शेपूट ‘.मॅन’ करून, योग्य पातळीवरच्या फोल्डरात ठेवणे एवढेच काम. कॅटलॉगमधील सही मॅनिफेस्टच्या आशयावर असते, नावावर नसते. त्यामुळे नाव बदलले तरी चालते. याउलट एखाद्या संपादकात ते उघडून नुसते जतन केले आणि ओळींच्या शेवटची चिन्हे बदलली, तरी सही फसते. म्हणून सर्व नक्कल आदेश-ओळीवरूनच केली.

या पुनर्रचनेनंतर ‘एएसएमएस हवी’ ही मागणी थांबली, पण तिची जागा अधिक कठोर संदेशाने घेतली: सेटअप पुढे जाऊ शकत नाही, एक आवश्यक घटक बसवता आला नाही. पुन्हा शिफ्ट-एफ१० आणि ‘टाइप सी:\विंडोज\सेटअपएरर.लॉग’. नोंदवहीत एएसएमएसचा मार्ग आणि ‘निर्दिष्ट फाइल सापडत नाही’ हे वाक्य होते, नेमकी कोणती फाइल ते मात्र नव्हते. तेव्हा एकेक मॅनिफेस्ट वाचून त्यात नोंदलेल्या फायली मोजणे आले. कॉमन कंट्रोल्स आणि चित्रे रेखाटणारे जीडीआयप्लस निर्दोष निघाले. दोष व्हिज्युअल सी++ रनटाइमच्या ६.०.०.० आवृत्तीत होता: तिचे मॅनिफेस्ट एटीएल, एमएफसी४२, एमएफसी४२यू आणि एमएसव्हीसीपी६० अशा चार डीएलएल मागते आणि घोस्ट एक्सप्लोररने त्यांपैकी एक शून्य बाइटची काढली होती. रिकव्हरीची पहिली डिस्क संपून दुसरी सुरू होते त्या सांध्यावर ती फाइल विभागलेली होती. प्रतिमेचे सर्व तुकडे हार्ड डिस्कवर एकाच फोल्डरात आणून ती पुन्हा काढली, तेव्हा पूर्ण आकाराची आली.

त्यानंतर ३९चा आकडा हलू लागला. ज्यांनी हा पडदा वर्षानुवर्षे कंटाळून पाहिला आहे, त्यांना तो उतरता आकडा पाहण्यात इतका आनंद कसा असू शकतो हे पटणार नाही. शेवटी टेकड्यांचा हिरवा देखावा आला. त्यावर ना उत्पादकाचे बोधचिन्ह, ना मुदतीचा विषाणुरोधक, ना कोपऱ्यात उड्या मारणारी नोंदणीची आठवण.

सक्रियतेविषयी, म्हणजे प्रत अधिकृत असल्याच्या मायक्रोसॉफ्टच्या पडताळणीविषयी, थोडक्यात. सेटअपपी.आयएनआयमधील पीआयडीचे (उत्पादन-ओळखक्रमांकाचे) शेवटचे तीन वर्ण ‘ओईएम’, म्हणजे यंत्रासोबत उत्पादकाने दिलेली प्रत, असे आहेत, तसेच ठेवावेत. लॅपटॉपला चिकटवलेल्या स्टिकरवरील की (उत्पादन-किल्ली) वापरण्याचा आग्रह मला व्यर्थ वाटतो, कारण मोठ्या उत्पादकांच्या अशा कींची इंटरनेटवरून होणारी सक्रियता मायक्रोसॉफ्टने २००५ मध्येच बंद केली. त्यापेक्षा त्याच यंत्राच्या ओईएमबायॉस नावाच्या चार फायली, म्हणजे बिन, कॅट, डॅट आणि सिग, मेककॅब या आदेशाने आवळून आय३८६मध्ये ठेवाव्यात. बायॉसमधील (यंत्राच्या मूळ सॉफ्टवेअरमधील) उत्पादकाची खूण त्यांच्याशी जुळली आणि कारखान्यातील की दिली, की सक्रियतेचा प्रश्नच उद्भवत नाही. अर्थात व्हर्च्युअलबॉक्समध्ये हे जुळत नाही, त्यामुळे ही चाचणी प्रत्यक्ष लॅपटॉपवरच करावी लागते.

लॅपटॉपवरील चाचणीसाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कोऱ्या सीडींची एक चवड आणली होती. तिच्यावरील छापील ५२एक्स या वेगावर विश्वास ठेवू नये. जुन्या लेन्ससाठी मंद वेगाने लिहिलेली आणि लिहून झाल्यावर पडताळलेली डिस्कच खरी. चाचण्यांसाठी पुनर्लेखनक्षम सीडी बऱ्या, पण या लॅपटॉपचा ड्राइव्ह त्या वाचताना फार अडखळतो.

एक्सपीच्या होम आणि प्रोफेशनल या दोन्ही आवृत्त्या एकाच डीव्हीडीवर, प्रत्येकी आपापल्या फोल्डरात ठेवण्याचा बेत मी जाहीर केला होता. तो आता रद्द. एएसएमएसचे सर्वांत खोल टोक ‘आय३८६\एएसएमएस\६०००\एमएसएफटी\विंडोज\कॉमन\कंट्रोल्स’ असे आहे. मुळासह मोजले तर तेथेच आयएसओ ९६६० या सीडीच्या फाइल-मानकाच्या आठ पातळ्या पूर्ण होतात. आय३८६ आणखी एक पायरी खाली गेले की मर्यादा ओलांडली जाते, आणि ‘-डी’ पर्यायाने ती मोडता येत असली तरी इतक्या खटाटोपानंतर मला पुन्हा एएसएमएसशी झुंजायचे नाही.

त्याऐवजी लिहिता लिहिता दुसरेच सुचले आहे. हा लॅपटॉप मला हवा आहे तो समांतर पोर्टवरील डाँगल (परवान्याची हार्डवेअर-किल्ली) मागणाऱ्या श्रीलिपी या फाँट-सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीसाठी आणि तिच्यात बांधलेल्या पेजमेकरच्या फायली उघडण्यासाठी. त्याच यंत्रावर युनिकोड मराठीही चालावी, तर प्रत्येक नव्या प्रतिष्ठापनेनंतर ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये जाऊन जटिल लिप्यांसमोर खूण करावी लागते आणि मग सेटअप सीडी मागतो. ही पायरी विनएनटी.सिफ या सेटअपच्या उत्तर-फायलीत ‘रीजनलसेटिंग्ज’खाली ‘लँग्वेजग्रुप=१५’ एवढे लिहून टाळता येते; १५ हा भारतीय लिप्यांचा गट. मंगल या देवनागरी फाँटची आवळलेली फाइल उत्पादकाच्या आय३८६मध्ये आहे, हे आत्ताच उघडून पाहिले. तेव्हा पुढचा क्रम बदलतो: एसपी३ (सर्व्हिस पॅक ३) डिस्कमध्ये मिसळणारे ‘/इंटिग्रेट’ नंतर, आधी ही एक ओळ घालून नवी प्रतिमा. एनलाइट हे सेटअप डिस्कमध्ये फेरफार करणारे साधन त्यानंतरच उघडेन आणि केवळ चालक जोडण्यासाठी. घटक काढून टाकण्याच्या त्याच्या यादीला हात लावणार नाही, कारण त्या यादीत भाषांचे घटकही असतात.