सांदणच्या घळीत: नाशिकहून जाणाऱ्यांसाठी

सांदणच्या घळीजवळच्या साम्रद गावाला पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. आमचा वाटाड्या गावातलाच, विशीतला पोरगा. म्हणाला, "भाऊ, आज नुसतं घळीच्या तोंडापर्यंत जाऊन या. आत उद्या उजाडताच शिरू." ज्या घरी उतरलो होतो तिथल्या मावशींनीही तेच सांगितलं. त्यांचं ऐकलं म्हणूनच ही सहल इतकी मनात राहिली.

बहुतेक लोक रात्रभर प्रवास करून येतात, दुपारी घळीत घुसतात, फोटो काढतात आणि परततात. तुम्ही तसं करू नका. एक मुक्काम कराच.

सांदण नाशिक जिल्ह्यात नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात, अकोले तालुक्यात आहे. पण आपल्याला ते जवळ पडतं. नाशिकपासून घोटी, बारीमार्गे शेंडी, म्हणजे भंडारदरा, साधारण 70 किलोमीटर. बारीतून कळसूबाईचं 1646 मीटरचं शिखर डोक्यावर दिसतं, तिथे गाडी थांबवून बघाच. घोटीतच टाकी फुल करून घ्या, रोख पैसे काढून घ्या. पुढे मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून प्रवेशशुल्क भरावं लागतं. शेंडीहून धरणाच्या कडेकडेने रतनवाडी आणि मग साम्रद. हा रस्ता वळणावळणाचा, जागोजागी उखडलेला आहे. अंधार पडायच्या आत पार करा.

रतनवाडीला मात्र तासभर काढा. अमृतेश्वराचं शिलाहारकालीन देऊळ आणि त्याची पुष्करणी आहेच, पण मला जास्त ओढ होती ती प्रवरेची. रतनगडाच्या अंगावर उगम पावणारी ही नदी नेवाशाजवळ गोदावरीला मिळते. रतनवाडीपासून जेमतेम काही किलोमीटरवर सांदणच्या घळीत पडलेलं पाणी मात्र कोकणात उतरतं. एकाच डोंगररांगेवर पडलेला पाऊस, अर्धा बंगालच्या उपसागराला आणि अर्धा अरबी समुद्राला. गोदाकाठी वाढलेल्या माणसाला ही पाणवाट पायाखाली जाणवली की अंगावर शहारा येतो. आम्ही तिघंही बराच वेळ काही बोललो नाही.

सकाळी साडेसहाला निघालो. गावाच्या बाहेर पडताच झाडीतून भेकराचा, म्हणजे एका छोट्या हरणाचा, आवाज आला, कुत्र्यासारखा खरखरीत, एकेक सुटा. वाटाड्या जागच्या जागी थांबला, आम्हीही. भेकर असं ओरडतं तेव्हा आसपास बिबट्या असू शकतो. दिसलं काहीच नाही, पण पुढे पायवाटेच्या ओल्या मातीत ठसे होते, ताजे, नखांच्या खुणा नसलेले, म्हणजे बहुधा बिबट्याचेच. या जंगलात प्राणी असेच भेटतात, आवाजातून आणि ठशांतून. जिप्सीत बसून वाघ बघायची सवय असलेल्यांनी हे आधीच मनाशी पक्कं करून यावं.

घळीत शिरलं की दोन्ही बाजूंना दोन-अडीचशे फूट उंच कातळ. काही ठिकाणी हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. खाली ऊन पोचतं ते जेमतेम दुपारी, म्हणून सकाळी गारठा असतो. थोडं पुढे पाण्याचे दोन डोह आहेत. जानेवारीअखेर दुसऱ्या डोहात पाणी माझ्या कमरेच्या वर होतं. मोबाइल, पाकीट, कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डोक्यावर धरा. पोहता येणं आवश्यक नाही, पण पाण्याखालचे दगड शेवाळलेले असतात, तेव्हा पाय चाचपत टाका. चपला किंवा सँडल चालणार नाहीत, पकड असलेले बूटच हवेत, ते भिजणार हे धरून चाला. आमच्या मेहुण्याने नवे बूट जपायला ते हातात घेतले आणि पहिल्याच डोहात त्याची टाच कापली. बँडेज, अँटिसेप्टिक सोबत ठेवा.

डोहांनंतर मोठमोठ्या दगडांवरून चढउतार. साधारण दोन किलोमीटरनंतर जमीन एकदम खाली तुटते. तिथून पुढे दोराशिवाय उतरता येत नाही. आम्ही तिथूनच परत फिरलो. पुढे खाली कोकणातल्या देहणे गावाकडे उतरायचं असेल तर जाणकार गट, तपासलेले दोर आणि हेल्मेट याशिवाय नको.

घळीच्या भिंतींवर आग्या मोहोळं असतात. अत्तर, डिओ लावू नका, विडी-सिगारेट पेटवू नका, आरोळ्या ठोकू नका. आमच्या मागून आलेल्या एका गटाने स्पीकर लावला होता. वाटाड्याने जाऊन बंद करायला लावला. मला फार राग आला होता. त्या भिंतींमधली शांतता मोडायचा कुणाला अधिकार नाही.

पावसाळ्यात घळीत जाऊच नका. घाटघरच्या या पट्ट्यात प्रचंड पाऊस कोसळतो आणि अख्खी घळ ओढा होते. अवकाळीचे ढग दिसले तरी मागे फिरा, आत अडकलात तर वर चढायला जागा नाही. नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. उन्हाळ्यात डोह आटतात, मग चालणं सोपं, पण दगड तापतात.

जेवणाचं आधी सांगून ठेवा. मावशींनी नाचणीची भाकरी, पिठलं आणि लसणीची चटणी केली होती, रात्री अंगणात शेकोटीजवळ बसून खाल्ली. वाटाड्या गावातलाच घ्या, भाव आधी ठरवा आणि ठरला त्यात घासाघीस करू नका. कचरा परत न्यायला एक रिकामी गोणी ठेवा. आमची येताना इतरांच्या बाटल्यांनीच भरली, ती घोटीत आणून टाकली.