आमची वाटचाल: गुंठ्यांचा हिशोब

आम्ही दोघं भाऊ, फर्म नागपूरला, आणि काम एकच, गावाचं सांडपाणी साठवून शुद्ध करणारी तळी डिझाइन करून द्यायची. सुरुवातीला टेबल बघून हातानेच करायचो. २०२० ला स्वच्छ भारत ग्रामीणचा दुसरा टप्पा आला, कामं वाढली आणि प्रत्येक गावात सरपंच आधी हेच विचारायचे, साहेब, जागा किती लागेल? म्हणून एक्सेलच्या सॉल्व्हरकडे वळलो, म्हणजे अटी दिल्या की सगळ्यात कमी आकडा शोधून देणारं साधन.

५,००० वस्तीचं गाव धरा, रोजचं ४०० घनमीटर पाणी. आधी अ‍ॅनारोबिक (हवेशिवाय चालणारं) तळं १ दिवसाचं, म्हणजे पाणी त्यात एक दिवस थांबतं, मग फॅकल्टेटिव्ह (वर हवा, तळाशी हवेशिवाय) साधारण ६ दिवसांचं, तरी १०० मिलीत लाखाच्या वर फीकल कॉलिफॉर्म (विष्ठेतले जंतू) उरतात आणि शेतीला द्यायचं तर १,००० च्या खाली हवेत. तळ्यात जंतू किती मरतात ते सांगणाऱ्या मराइसच्या १९७४ च्या सूत्रात पाण्याचं तापमान २० अंश टाकलं तर शेवटचं, जंतू मारायचं मॅच्युरेशन तळं एकच केल्यास ६५ दिवसांचं लागतं, मीटरभर खोलीला साडेसहा एकर! तेच दोन सारख्या तळ्यांत केलं तर प्रत्येकी साडेचार-पाच दिवस, दोन्ही मिळून ३६-३७ गुंठे. कारण एका मोठ्या तळ्यात आज आलेलं पाणी सगळ्यात मिसळतं आणि त्यातलं थोडं आजच बाहेर पडतं. हे पहिल्यांदा स्क्रीनवर पाहिलं तेव्हा आम्ही दोघं रात्री दीडपर्यंत आकडे बदलत बसलो होतो.

मग आमच्याकडून मोठी चूक झाली. सॉल्व्हरला फक्त पाण्याचं क्षेत्रफळ कमी करायला सांगितलं, त्याने पाच तळी दिली, १४ गुंठ्यांत, आणि आम्ही खूश. साइटवर फक्की मारून आखणी केली तर तळं साडेसोळा मीटरचं आणि मधला बांध साडेसात मीटरचा, कारण दीड मीटर उंची, दोन्हीकडे १:२ उतार आणि माथा दीड मीटर. जेसीबीवाले काका म्हणाले, "साहेब, इथं तळं कमी अन् बांधच जास्त हाय." खरंच होतं ते. प्रत्येक तळ्यात पाण्याचा मुक्काम कमीत कमी ३ दिवस हवा ही अटसुद्धा आम्ही घातली नव्हती, पाऊण दिवसाच्या तळ्यात पाणी इकडून तिकडे सरळ निघून जातं. त्या दिवशी पंचायतीला सांगून काम थांबवलं आणि दोन तळ्यांचं डिझाइन आमच्या खर्चाने नव्याने दिलं.

तेव्हापासून शीटमध्ये आधी बांधाची रुंदी, मुरमाचा दर आणि जमिनीचा भाव भरतो, मग सॉल्व्हर चालवतो. तापमान वर्षाची सरासरी नाही, सगळ्यात थंड महिन्याचं घेतो, कारण २० अंशाला जंतू मरायचा जो वेग असतो तो दर अंशाला १९ टक्क्यांनी बदलतो, आणि मे महिन्यात पास झालेलं तळं जानेवारीत नापास होऊ शकतं.

आत्ता टेबलावर जे गाव आहे तिथे बांधांसकट ६० गुंठेच मिळतायत आणि एका कोपऱ्यात मुरूम लागतोय, म्हणजे पाणी झिरपणार, लायनर (तळाला अंथरायचा प्लास्टिकचा कागद) टाकावा लागणार. लायनर चौरस मीटरवर मिळतो, त्यामुळे खोलीचा हिशोब पुन्हा पहिल्यापासून मांडतोय.