मातीतलं रेडियम मोजताना: १८६ केईव्हीच्या शिखराची फसगत

मातीतलं रेडियम-२२६ गॅमा वर्णपटावरून (कोणत्या ऊर्जेचे किती गॅमा किरण आले, त्याचा आलेख) मोजायला घेतलं की नजर आधी १८६ केईव्हीच्या (गॅमा किरणांच्या ऊर्जेचं एकक) शिखराकडे जाते. रेडियमची स्वतःची ठळक रेषा तीच, १८६.२ वर. पण युरेनियम-२३५ची रेषा १८५.७ वर येते, आणि एवढ्या जवळच्या रेषा जर्मेनियम डिटेक्टरलाही सुट्या दिसत नाहीत. समतोलातल्या, म्हणजे युरेनियम आणि त्यापासून बनणारं रेडियम सारख्याच वेगाने क्षय पावतात अशा नैसर्गिक मातीत त्या शिखरात रेडियमचा वाटा सुमारे ५७ टक्केच असतो. सगळं शिखर रेडियमच्या नावावर मांडलं, तर उत्तर जवळपास पावणेदोनपट येतं. म्हणून मी रेडियम मोजतो ते त्याच्या वंशजांवरून, म्हणजे त्याच्या क्षयातून पुढे बनणाऱ्या मूलद्रव्यांवरून: शिसे-२१४ (३५१.९) आणि बिस्मथ-२१४ (६०९.३).

अडचण रेडियम आणि या वंशजांच्या मधल्या रेडॉनची. तो वायू निसटला, तर पुढची साखळीच तुटते. माती १०५ अंशांवर वाळवून, २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळून मरिनेली बीकरमध्ये (डिटेक्टरवर टोपीसारखं बसणारं भांडं) काठोकाठ दाबून भरली. वर मोकळी जागा राहिली तर रेडॉन तिथे साठतो आणि भूमिती बिघडते. झाकण घट्ट सील करून चार आठवडे हात लावला नाही. रेडॉनचं अर्धायुष्य ३.८२ दिवस, म्हणजे सात अर्धायुष्यं उलटली, आणि रेडॉन व त्याचे वंशज रेडियमशी पुन्हा समतोलात आले. पाचव्या आठवड्यात पुन्हा मोजायचं. आकडा घसरला असेल तर सील गळतंय.

एका मोजणीचा हिशेब असा: ८०,००० सेकंदांत ६०९.३च्या शिखराखाली ७,७०० काउंट, तेवढ्याच वेळात रिकाम्या बीकरचे ४२०. उरले ७,२८०. कार्यक्षमता (सुटलेल्या गॅमांपैकी शिखरात नोंदले जाणारे) ०.०२, उत्सर्जन-प्रमाण (दर क्षयामागे या ऊर्जेचे गॅमा) ०.४५५, वस्तुमान अर्धा किलो. ७,२८० ला या तिन्ही आकड्यांनी आणि वेळेने भागलं की किलोमागे २० बेकेरेल, म्हणजे सेकंदाला २० क्षय.

हे ४२० बहुतांशी डिटेक्टरभोवतीच्या शिशाच्या कवचात अडकलेल्या हवेतल्या रेडॉनचे. खोलीची हवा बदलली की तेही बदलतात. डिवारमधून (डिटेक्टर थंड ठेवणाऱ्या द्रव नायट्रोजनची टाकी) उडणारा नायट्रोजन नळीने कवचात सोडला की ते बरेच खाली येतात, आणि मुख्य म्हणजे स्थिर राहतात.

३५१.९ आणि ६०९.३ची उत्तरं जुळली नाहीत आणि ६०९.३चं कमी आलं, तर सीलवर संशय नको. गळती दोन्हींना सारखीच खाली ओढते. बिस्मथ एकापाठोपाठ गॅमा सोडतो. डिटेक्टरला खेटलेल्या बीकरमधून ते एकाच वेळी आत शिरले की त्यांची बेरीज नोंदली जाते आणि ६०९.३चे काउंट गळतात. तिथे बेरजेची दुरुस्ती लावायची, किंवा त्याच भूमितीत, तेवढ्याच घनतेच्या प्रमाणित रेडियम-नमुन्याशी थेट तुलना करायची. मला दुसरा मार्ग जास्त खात्रीचा वाटतो.