रस्टमध्ये सी लायब्ररी, नोंद ४ : एफगेट्स पूर्ण, गेटलाइन चालू

मंडळी, सी भाषेची मानक लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शन्सचा संच, मी रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत नव्याने लिहितोय. मागच्या नोंदीत गेटसी (एक बाइट वाचणं) आणि अनगेटसी (तो परत ठेवणं) झाल्याचं लिहिलं होतं. या खेपेला ओळ वाचणारी फंक्शन्स हातात घेतली. एफगेट्स, म्हणजे दिलेल्या आकाराच्या बफरमध्ये (मेमरीतल्या जागेत) ओळ वाचणारं फंक्शन, पूर्ण झालं. गेटडेलिम (दिलेल्या चिन्हापर्यंत वाचणारं) आणि त्याच्यावर बेतलेलं गेटलाइनही चालतंय. कोड फार नाही. सगळा वेळ गेला तो ही फंक्शन्स बोलावणाऱ्याला, म्हणजे ती वापरणाऱ्या प्रोग्रामला, जे जे कबूल करतात, ते तंतोतंत पाळण्यात.

टेस्टसाठी आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या १५ तालुक्यांची यादी घेतली, एका ओळीवर एक नाव. युटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अगदी काना आणि हलंतसुद्धा, ३ बाइट घेतं. त्यामुळे पेठ सगळ्यात आखूड, ९ बाइटचं, आणि त्र्यंबकेश्वर सगळ्यात लांब, ३९ बाइटचं. त्र्यंबकेश्वर मुद्दाम शेवटी ठेवलं आणि त्याच्यापुढे न्यूलाइन (ओळ संपल्याचं चिन्ह) दिली नाही.

नेमकं तिथेच पहिलं बिंग फुटलं. पंधरा ओळी नीट छापल्या गेल्या, पण लूप संपल्यावर बफर पुन्हा छापून पाहिला तर रिकामा. त्यात त्र्यंबकेश्वर असायला हवं होतं. सी च्या मानकात स्पष्ट आहे : एकही बाइट न मिळता फाइल संपली तर एफगेट्सने नल पॉइंटर (कुठलीच जागा न दाखवणारा पत्ता) परत द्यायचा आणि बोलावणाऱ्याच्या ॲरेला, म्हणजे बफरला, हात लावायचा नाही. मी मात्र खबरदारी म्हणून कोडच्या पहिल्याच ओळीत ॲरेच्या सुरुवातीला शून्य (सी मध्ये मजकूर संपल्याची खूण) लिहून ठेवत होतो. आता पहिला बाइट हातात येईपर्यंत काहीच लिहीत नाही.

दुसरी चूक जास्त गंभीर होती. एफगेट्सला बफरचा आकार इंट (उणे किंमतही घेणारा पूर्णांक) म्हणून मिळतो, आणि त्यातला एक बाइट शेवटच्या शून्यासाठी राखायचा असतो. मी आकारातून १ वजा करून ते थेट यूसाइझमध्ये (रस्टचा उणे न होणारा, इथे ६४ बिटांचा पूर्णांक) बदलत होतो. आकार ० आला की उत्तर उणे १, आणि यूसाइझमध्ये त्याचं होतं २ चा ६४ वा घात वजा १. रस्टने ओव्हरफ्लोची तक्रार केली नाही, कारण उणे १ ही इंटमध्ये वैध किंमत आहे आणि रस्टचा ॲज हा शब्द लावून केलेलं रूपांतर निमूट होतं. म्हणजे मर्यादाच उरली नाही, एफगेट्सचं गेट्स (बफरचा आकार न पाहता ओळ वाचणारं जुनं फंक्शन) झालं. १९८८ च्या मॉरिस वर्म या इंटरनेटवर आपोआप पसरलेल्या प्रोग्रामने याच गेट्सच्या वाटेने फिंगर सर्व्हरच्या (वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या प्रोग्रामच्या) ५१२ बाइटच्या बफरमध्ये ५३६ बाइट घुसवले होते. सी११ मध्ये, म्हणजे सी च्या २०११ च्या आवृत्तीत, गेट्स मानकातून काढूनच टाकलं. माझ्या लायब्ररीतही ते येणार नाही, जुना प्रोग्राम कंपाइल होत नसेल तर न होवो. आता आकार ० किंवा उणे असेल तर लगेच नल परत, १ असेल तर रिकामी स्ट्रिंग.

रविवारी गंगापूर रोडला मिसळ खाताना गटातल्या मित्राला हे दाखवत होतो. तो म्हणाला, ‘नाशिक’ हाच शब्द घे आणि बफर कमी करत जा. शब्द १५ बाइटचा. बफर १६ चा दिला तर अख्खा शब्द येतो आणि न्यूलाइन पुढच्या वेळेसाठी मागे राहते. १२ चा दिला तर इकार मधूनच तुटतो आणि टर्मिनलवर शेवटी चौकोन दिसतो. १० चा दिला तर छापून येतं ‘नाश’. ते पाहून वाटलं, अक्षराच्या हद्दीवर थांबावं. बराच विचार करून ते केलं नाही. एफगेट्स बाइट मोजतं, आणि त्याच हिशोबावर विसंबून लिहिलेल्या प्रोग्रामांना मी वेगळं काही देणं बरोबर नाही.

आता गेटलाइन. हे मूळ ग्नू प्रकल्पाकडचं, पॉझिक्स या युनिक्सछाप प्रणालींच्या मानकाच्या २००८ च्या आवृत्तीत मानक झालं. ओळ कितीही लांब असो, ते बफर स्वतः वाढवतं. रस्टवाल्याला इथे व्हेकचा (रस्टच्या आपोआप वाढणाऱ्या यादीचा) मोह होतो, मलाही झाला. व्हेकमध्ये ओळ गोळा केली, तिचा पॉइंटर सी ला दिला, आणि प्रोग्रामने फ्री म्हणताच (मेमरी परत करताच) क्रॅश. कारण असं की रस्ट मेमरी परत करताना तिचा आकारही सांगतं, म्हणून माझा रस्टकडचा ॲलोकेटर (मेमरी वाटणारा भाग) आकार कुठे लिहून ठेवत नाही. सी च्या फ्रीला नुसता पॉइंटर मिळतो, म्हणून माझं मॅलॉक (सी चं मेमरी मागण्याचं फंक्शन) त्या पत्त्याच्या आधीच्या १६ बाइटमध्ये आकार नोंदवतं. फ्री त्या १६ बाइटमध्ये डोकावलं आणि तिथे कचरा होता. शिवाय बफर मुळात बोलावणाऱ्याने स्वतः मॅलॉक करून दिलेला असू शकतो. तेव्हा व्हेक बाद, सगळं रिॲलॉकने (मॅलॉकने घेतलेली जागा वाढवणाऱ्या फंक्शनने).

त्यातही एकदा अडकलोच. नवा पॉइंटर आणि नवा आकार मी ओळ संपल्यावरच बोलावणाऱ्याला कळवत होतो. मध्येच वाचनात चूक आली की उणे १ परत जायचं, आणि त्याच्याकडे रिॲलॉकने केव्हाच मोकळा केलेला जुना पत्ता राहायचा. तो पुढे फ्री करणारच, कारण गेटलाइन फसलं तरी बफर मोकळा करणं त्याचंच काम. आता प्रत्येक रिॲलॉकनंतर लगेच दोन्ही किंमती लिहितो. रिॲलॉकच फसलं तर जुना पत्ता तसाच ठेवतो, कारण तो अजून वैध असतो. ३२ पासून दुप्पट करत जातो : त्र्यंबकेश्वरला शून्यासकट ४० बाइट लागतात, तिथे बफर ६४ चा झालेला दिसतो.

स्ट्रीमचं (उघडलेल्या फाइलचं) लॉक अजून बाकी आहे. ते अख्ख्या ओळीसाठी एकदाच घ्यायचं, नाहीतर दोन थ्रेड (एकाच प्रोग्रामचे समांतर चालणारे भाग) एकाच ओळीचे तुकडे वाटून घेतील. आणि काल रात्री नवीनच दिसलं : प्रिंटएफने ‘तालुका सांगा : ’ छापून लगेच एफगेट्स बोलावलं, तर प्रश्न दिसतच नाही, उत्तर टाइप करून एंटर दाबल्यावर उमटतो. टर्मिनलकडून वाचायच्या आधी स्टडआउटमध्ये (प्रोग्राम जिथे छापतो त्या स्ट्रीममध्ये) साठलेलं बाहेर ढकलायला हवं. ते एफगेट्समध्ये घालायचं की खाली, बफर भरणाऱ्या फंक्शनमध्ये? माझा कल खालच्या फंक्शनकडे आहे, म्हणजे गेटसीलाही ते आपोआप मिळेल. आज रात्री तेच करून पाहतो.